किसननानांच्या वाट्याची फोडणी

किसननानांनी खोल्या भाड्यानं देताना आम्हाला एकच प्रश्न विचारला. पगार किती, पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं, यातलं काही नाही. उंबऱ्यात उभं राहून, डोळे बारीक करून, पोराला पाढा विचारावा तसं त्यांनी विचारलं, "तुमच्यात लसून चालतो का?"

सावेडी तेव्हा नगरच्या बाहेरचा माळ होता. इथे एक बंगला, तिथे एक, मधे नुसते खणून ठेवलेले पाये आणि बाभळी. सावेडीत घर बघतोय म्हटलं की शहरातली माणसं विचारायची, "रात्री कोल्हे ओरडतात का हो तिकडे?" पण शहरात जागा मिळत नव्हती. आमचे हे पाटबंधारे खात्यात कारकून, लग्न नवं, आणि बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि एक स्टोव्ह. त्या दिवशी सकाळपासून आम्हाला दोन घरमालकांनी याच प्रश्नावर वाटेला लावलं होतं. एकांनी "कांदा-लसूण खाणारे नकोत" असं पाटीवर लिहूनच ठेवलं होतं. दुसऱ्या घरच्या बाईंनी तर माझ्या पिशवीतली माहेरची चटणी दारातूनच ओळखली आणि बोलता बोलता दार लावून घेतलं.

त्यामुळे तिसऱ्या दारात लसूण निघाला तेव्हा ह्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. "छे, छे! लसूण? आमच्या घराण्यात कुणी शिवत नाही. माळकरी माणसं आम्ही!"

हे ऐकून नाना खूश व्हायला हवे होते. त्यांचा चेहरा साफ पडला.

"अजिबात न्हाई? फोडनीलाबी न्हाई?"

"फोडणीलासुद्धा नाही," ह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

मग नानांनी माझ्याकडे पाहिलं. माथ्यावर ऊन आणि हातात ट्रंक. "बाई उन्हात उभी हाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "या आत. डबल बेल!"

आत पाऊल टाकलं आणि माझी ट्रंक हातातून सुटायचीच बाकी राहिली. अंगणात डालड्याचे डबे, फुटके माठ, एक गळकी बादली, मोटारीचा जुना टायर, आणि त्या सगळ्यांत लसूण. हिरवीगार पात वाऱ्यावर डुलत होती. वृंदावनात तुळस होती, पण लसणानं तिला चारी बाजूंनी घेराव घातला होता. ओटीच्या आढ्याला लसणाच्या जुड्या टांगलेल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आकाशाकडे पाहिलं.

आता खरं सांगायचं तर गळ्यात कधी न घातलेली माळ काढून दाखवावी लागली असती. खोटारडा भाडेकरू कोण ठेवून घेईल? आम्ही गप्प बसलो, आणि तिथेच फसलो.

कारण किसननाना भलतेच समजूतदार निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर खडखडाट ऐकू आला म्हणून पाहिलं, तर हा साठीचा माणूस एकेक डबा उचलून आमच्या खिडकीखालून पार पलीकडच्या कुंपणाला नेत होता. "तुमच्या धर्माला बाधा नको," ते धापा टाकत म्हणाले. आम्हाला काही द्यायचं झालं तर आधी साबणानं हात धुवायचे. समोरच्या वत्सलाबाईंना त्यांनी बजावून ठेवलं, "माझ्या भाडेकरूंकडं चटनी-बिटनी धाडू नका, शुद्ध मानसं हायेत." आमच्या शुद्धपणाची कीर्ती आठवड्याच्या आत साऱ्या आळीत पसरली. मंगळवारी भजनाला चला म्हणून ह्यांना बोलावणं यायला लागलं. ह्यांना एक अभंग पाठ असेल तर शपथ.

नाना एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी नगर-संगमनेर रस्त्यावर गेलेली, त्यामुळे बोलण्यात एस.टी. यायचीच. काम सुरू करायचं म्हणजे 'डबल बेल'. काम अडलं की 'घाट लागला'. एखादा माणूस मनातून उतरला की 'त्याला म्या मागच्याच थांब्यावर उतरवला'. पण त्या रस्त्यावरची गावं त्यांना मैलांच्या दगडांवरून माहीत नव्हती. ती त्यांनी वासावरून लक्षात ठेवली होती. "राहुरी आली की शेंगदान्याच्या कुटात लसून. कोल्हारला सुक्या खोबऱ्याबरूबर. अन् संगमनेरात शिरलं की वल्या लसनाचा ठेचा, पाट्यावर नुकता वाटल्याला! जेवनाच्या टायमाला गाडी आसली की म्या डोळं झाकून बी नेली असती." मी संगमनेरजवळची. ते हे सांगायला लागले की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि मी माळकरी बाईच्या गंभीरपणानं मान हलवायची.

लसूण हा त्यांच्या दृष्टीनं मसाला नव्हताच, ते एक सरकारी खातं होतं. सगळ्या तक्रारी तिकडे. पोस्टमनचा कान दुखला, घाल लसणाचं तेल. पाय मुरगळला, बांध ठेचून. वत्सलाबाईंचा रेडिओ खरखरायला लागला तेव्हा नाना लसणाची कुडी हातात घेऊनच त्यांच्या घरात शिरले होते. तिचं पुढे काय करणार होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आळीतल्या लग्नात लोक नारळ-खण देत, तर नाना लसणाची वेणी देत. बायका वेणी घालतात तशी लसणाची पात गुंफून केलेली, लांबसडक. नवरी मुलगी ती हातात धरून फोटोला उभी राहिली आणि फोटोग्राफरनं नाकाला रुमाल लावूनच फोटो काढला. लसूण सुरीनं कापणारा माणूस त्यांना चालत नसे. "कापायाचा न्हाई, ठेचायाचा. ठेचल्याबिगर त्यो बोलत न्हाई."

मात्र ते स्वतः जेवायचे ते भलतंच साधं. दुपारी ओटीवर बसून भाकरी आणि दूध, नाहीतर भाकरी आणि गुळाचा खडा. एवढा लसूण पिकवणारा माणूस आणि ताटात लसणाचा टिपूस नाही. मला वाटायचं, आमच्यापायीच. आमच्या नाकाला त्रास नको म्हणून बिचाऱ्यानं आपला लसूण बंद केला. भाकरी खाताना ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून बसायचे. मी आत मोहरी-जिऱ्याची सोवळी फोडणी द्यायचे. ते मान वर करायचे, जरा थांबायचे आणि परत भाकरी चावायला लागायचे.

एका सोमवारी मला राहवलं नाही. वत्सलाबाईंना विश्वासात घेऊन मी त्यांच्या घरी बाजरीच्या भाकरीबरोबर लसणाची चटणी पोटभर खाल्ली. परत आले तर फाटकातच नाना. तोंड उघडणं म्हणजे भांडं फुटणं. मी पदर तोंडाला लावला. "बाजारातून आलीस का गं पोरी?" मी मान हलवली. "साहेब कवा यायचेत?" मी बोटानं आभाळातला मावळतीकडचा भाग दाखवला. नाना एकदम हात जोडून बाजूला झाले आणि त्यांनी रस्त्यावरच्या माणसाला हळू आवाजात दटावलं, "बोलू नगं. बाईंचं मौन हाय." त्यानंतर दर सोमवारी मला मौन पाळावं लागलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मला दिवस गेले आणि हसणं संपलं.

मला अन्न म्हणून पोटात ठरेना. भात उलटायचा, दूध उलटायचं, लिंबाचं सरबतसुद्धा. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बाळ वाढत नाहीये. हिला जे खावंसं वाटतं ते द्या, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. आणि एस.टी.चा प्रवास बंद." म्हणजे माहेरही बंद. वत्सलाबाई नेमक्या लेकीकडे गेलेल्या, दाराला कुलूप. आणि मला काय खावंसं वाटावं? सगळ्या जगात मला एकच गोष्ट हवी होती, लसूण. खिडकीतून पलीकडच्या कुंपणापाशी ती पात दिसायची आणि मला रडू यायचं. ते बहात्तर साल. पाऊस पाठ फिरवून बसलेला, नळाला पाणी एक दिवसाआड. नाना आपल्या अंघोळीचं पाणी घमेल्यात धरून त्या डब्यांना घालायचे. ज्या माणसानं आमच्यासाठी इतकं केलं त्याच्यापुढे जाऊन 'आम्ही खोटं बोललो' म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि ह्यांची तर माझ्याहून नाही.

एका सकाळी दार वाजलं. नाना उभे होते. हातात झाकलेली पितळी, मान खाली.

"पोरी, रागावू नगं," ते म्हणाले. "म्या लई इचार केला. माळ तू घातली, साहेबांनी घातली. पोटातल्या जीवानं कुटं घातलीया? त्यो अजून मोकळा हाय. त्याला लसून चालतू. त्याच्या नावानं तू चार घास खा. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर."

पितळीत बाजरीची भाकरी होती आणि ओल्या लसणाचा हिरवा ठेचा.

मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि खायला लागले. खाता खाता रडत होते, आणि रडता रडता सांगून टाकलं. माळ नाही, भजन नाही, मौन नाही, काही नाही. माझं माहेर लसणाच्या वाफ्यात आहे आणि त्या दिवशी पिशवीत चटणीच होती. ह्यांनी मागे उभं राहून कान पकडले.

नाना रागावतील असं वाटलं होतं. ते मटकन खाली बसले. "म्हंजी इतकं दिस तू फोडनी देऊ शकत हुतीस?" त्यांच्या आवाजात एवढी हळहळ होती की मला काही कळेना. मग हात पुढे करून म्हणाले, "मंग आता दे. उठवत आसल तर दे एकडाव."

मी स्टोव्ह पेटवला. त्यांनी स्वतः कुड्या सोलून, पाट्यावर ठेचून दिल्या. तेलात लसूण पडला, कडा लालसर झाल्या आणि तो वास घरभर सुटला. नाना खिडकीबाहेर ओटीवर बसले होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर, देवळात बसावं तसे. मी त्याच फोडणीचं वरण वाटीत घालून त्यांच्यापुढे केलं. त्यांनी वाटी हळूच मागे सरकवली.

"मला न्हाई चालत गं. म्या सोडलाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोला, गोदाबाईंना, पोटाचं दुखणं लागलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. नानांनी खंडोबापुढे उभं राहून जगातली सगळ्यात आवडती वस्तू सोडली. "लोक हासले. म्हनले, खंडोबाला तर लसून चालतू, त्याला कशाला सोडायचा? म्या म्हनलं, त्याला चालतू म्हनूनच त्याला कळंल, किसननं काय सोडलं ते."

गोदाबाई उठल्या. हिंडल्या-फिरल्या, आणखी कितीतरी वर्षं संसार केला. त्याही लसूण सोडायला निघाल्या होत्या, पण नानांनी सोडू दिला नाही. "तूच खाल्ला न्हाई तर नवस कशाचा?" ते रोज तिला कुड्या सोलून द्यायचे, ती फोडणी द्यायची, आणि नाना खिडकीबाहेर बसून कोरडी भाकरी त्या वासाबरोबर खायचे. मग गोदाबाई गेल्या आणि घरातला वास गेला. म्हणून भाडेकरूंना तो प्रश्न.

"पण नाना," हे म्हणाले, "आता त्या नाहीत. नवस फिटला. आता खायला काय हरकत आहे?"

नानांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की ह्यांना मागच्या थांब्यावर उतरवल्यासारखं झालं. "देवानं त्याचं पाळलं, साहेब. ती वरची वर्सं म्या फुकाट घेऊ व्हय?"

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज दोन वेळा लसणाची फोडणी. तेल तापलं की मी खिडकीतून हाक मारायची, "नाना, फोडणी!" आणि ते जिथे असतील तिथून भाकरी घेऊन धावत यायचे. एकदा अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, तसेच आले. माझ्या पोटात अन्न ठरायला लागलं. बांगड्या मनगटावर आल्या. डब्यांची रांग परत आमच्या खिडकीखाली आली. इतकं सुखाचं जेवण मी माहेरीही जेवले नव्हते, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही. "लसनाला सांग," ते म्हणाले.

बाळंतपणात मात्र घाट लागला. बाळ आडवं होतं. सकाळी दवाखान्यात नेलं, दुपार कलली तरी सुटका होईना. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना सांगितलं, दोघांपैकी कुणाचं काय होईल सांगता येत नाही. मला त्यातलं फारसं आठवत नाही. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा मुलगी रडली. एवढं आठवतं.

घरी आल्यावर, हिंडायला-फिरायला लागले तशी पहिलं काम म्हणून मी फोडणीला तेल ठेवलं आणि हाक मारली, "नाना, फोडणी!" नाना ओटीवरच होते. ते उठले, टोपी घातली आणि फाटक उघडून रस्त्याला लागले. काहीतरी काम आठवलं असेल, मला वाटलं. संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या दिवशी तेच. लांब बाभळीखाली घराकडे पाठ करून उभे राहायचे आणि वास विरला असेल अशा बेतानं परत यायचे.

"माझं काही चुकलं का हो?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी मान खाली घातली. "तुला सांगायचं नाही म्हणून बजावलंय त्यांनी. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभे होते. मी मागेच होतो. म्हणत होते, लसूण तर तुला आधीच देऊन बसलोय, देवा. आता नुसता वास उरलाय माझ्याकडं. त्यो घे, पन ह्या दोन जिवांना ऱ्हाऊ दे."

मी मागच्या दारी जाऊन खूप रडले. या माणसाचं आमच्याशी नातं काय? खोटं बोलून घरात शिरलेली माणसं आम्ही. आणि त्यानं शेवटचं उरलेलं सुख माझ्यावरून ओवाळून टाकलं. मी जाऊन म्हटलं, "नाना, मी फोडणी बंद करते." ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे ओरडले, "खबरदार! तूच खाल्ला न्हाई तर नवस कशाचा?"

मग मी हाक बदलली. तेल तापायच्या आधीच खिडकीतून ओरडायची, "नाना, डबल बेल!" म्हणजे त्यांना वास सुटायच्या आत निघता यायचं. पण मनाला टोचायचं. रोज दोन वेळा मी त्यांना त्यांच्याच घरातून बाहेर काढत होते.

ह्यातून वाट मला पोरीनं दाखवली. थंडीत तिला पडसं झालं. आमच्याकडे पडशाला तेलात लसूण-ओवा जाळून ते तेल बाळाच्या छातीला, टाळूला चोळतात. मी चोळलं. पोर नखशिखांत लसणानं दरवळायला लागली. तेवढ्यात संध्याकाळच्या फोडणीची वेळ झाली. मी तिला दुपट्यात गुंडाळलं आणि टोपी घालून निघालेल्या नानांच्या हातात दिलं. "हिलाही न्या. ठसका लागतो तिला."

त्यांनी तिला खांद्याशी धरलं. तिची टाळू बरोबर त्यांच्या नाकाखाली आली. ते दोन पावलं गेले आणि थबकले. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हला पंप मारत बसले.

लेकीकडून परतलेल्या वत्सलाबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत झालेलं. त्यांनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, "अहो नाना, पोरीच्या टाळूला लसणाचं तेल आहे! तुमचा नवस मोडला की!"

नानांनी पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि डोळे मिटून छातीभरून श्वास घेतला.

"काय तरीच," ते म्हणाले. "ह्यो वास लसनाचा न्हाई. पोरीचा हाय."

आणि तिला घेऊन बाभळीकडे चालायला लागले. पोरीचं पडसं दोन दिवसांत गेलं. टाळूला तेल मात्र मी ती चालायला लागेपर्यंत रोज दोन वेळा चोळत होते, आणि त्यात लसूण जरा जास्तच घालत होते.